दीडशे रुपयांची तक्रार

“काका, 129 रुपयांची तर गाळणी आहे.”

हे मला फोनवर ऐकवलं गेलं. बोलणारा मुलगा विशीतला असावा. आवाजात उद्धटपणा नव्हता, समजूत घालावी तसा बोलत होता. चहाची गाळणी मी ऑनलाइन मागवली होती. चौथ्या दिवशी सकाळी उकळता चहा ओतताना तिची जाळी एका बाजूने कड्यातून सुटली. अर्धा चोथा कपात, अर्धा ओट्यावर. गाळणी धुऊन खिडकीपाशी नेली आणि नीट पाहिली. जाळीची कड कड्यात दुमडून दाबायची असते, तशी ती दाबलेलीच नव्हती. तीन-चार ठिकाणी नुसती अडकवली होती. म्हणजे वापरून खराब झाली असं म्हणायची सोय नाही. बनवली तेव्हाच ती खराब होती.

मी त्याला विचारलं, “पैसे घेताना 129 मधले काही कमी घेतले होतेत का?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “वर विचारून कळवतो.”

आज या गोष्टीला 23 दिवस झाले. वर कोण आहे ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच्या वाक्यातला ‘तर’ माझ्या डोक्यातून जात नाही. ‘129 रुपयांची गाळणी आहे’ ही माहिती झाली. ‘129 रुपयांची तर गाळणी आहे’ म्हटलं की निकाल लागला. वस्तू स्वस्त, म्हणून तक्रार हलकी. तक्रार हलकी, म्हणून माणूस कटकट्या. एका शब्दात एवढा सगळा प्रवास. आणि हा ‘तर’ नुसता त्या मुलाच्या तोंडी नाही. आपल्या घरातही तो आहे. गाळणी मोडली तर बायको-मुलं म्हणतात, “जाऊ दे ना, एवढ्याशासाठी कुठे भांडत बसता?” शेजारी म्हणतात, “तेवढ्या वेळात दुसरी आणली असती.” विकणाऱ्याचा अर्धा धंदा या ‘जाऊ दे’वर चालतो.

मला ते जाऊ द्यायचं नाही.

दीडशे रुपयांची वस्तू कोण घेतं, याचा आधी विचार करा. ज्याला चारशेची परवडते तो चारशेचीच घेतो. दीडशेची घेणारी बाई ती तीन दिवस ‘कार्ट’मध्ये ठेवते, डिलिव्हरी फुकट आहे ना ते दोनदा बघते, मग मागवते. तिच्या घरात दीडशे म्हणजे दोन दिवसांची भाजी. तिच्या पैशाला ‘तर’ लावायचा अधिकार कुणी कुणाला दिला? महागडा फोन बिघडला की लगेच माणूस बोलायला येतो, नाव घेऊन बोलतो, घरी यायची वेळ ठरवतो. गाळणी बिघडली की यंत्र बोलतं. ज्याच्याकडे दुसरी वस्तू घ्यायला पैसे आहेत त्याची तक्रार माणूस ऐकतो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची यंत्र. हे उलट आहे, आणि ते उलट आहे असं मोठ्याने म्हणायला हवं.

यंत्राशी झालेलं माझं बोलणंही सांगतो. त्या ॲपवर ‘आता खरेदी करा’ मराठीत आहे. ‘मदत’ दाबलं की इंग्रजी सुरू होतं. मी मराठीत लिहिलं, “गाळणीची जाळी सुटली आहे.” उत्तर आलं की माझा अनुभव त्यांच्यासाठी मोलाचा आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अनुभव मोलाचा. तिसऱ्या वेळी पर्याय आले, त्यांत ‘वस्तू खराब निघाली’ होता. तो दाबला, तर उत्तर आलं: या वस्तूला परतीची सोय नाही.

इथे बरेच लोक थांबतात, कारण पडद्यावर लिहिलेलं त्यांना कायदा वाटतो. तो कायदा नाही. आवडली नाही म्हणून वस्तू परत करणं वेगळं आणि खराब निघाली म्हणून परत करणं वेगळं. पहिल्यासाठी दुकान आपले नियम ठेवू शकतं. दुसऱ्यासाठी ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, जुलै 2020 पासून लागू असलेले. त्यांत सरळ लिहिलंय की माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याने तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार द्यायचा नाही. त्या नियमात किमतीचा आकडा कुठेही नाही. 129 ला वेगळा आणि 12,900 ला वेगळा नियम कुणी केलेला नाही.

त्याच नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर दिसला पाहिजे, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत मिळाली पाहिजे, तिचा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि एका महिन्यात ती निकाली निघाली पाहिजे. मला पोच मिळाली. क्रमांकही मिळाला. अधिकाऱ्याचं नाव शोधायला मात्र मला पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांतल्या चौथ्या दुव्यापर्यंत जावं लागलं. खरेदीचं बटण कसं, अंगठ्याखाली येईल असं ठेवलेलं असतं.

दुकानांत पूर्वी पाट्या असायच्या, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. काही दुकानांत अजूनही आहेत. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून कितीतरी कार्यकर्त्यांनी या वृत्तीशी झगडण्यात आयुष्य घातलं. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, पुढे 2019 साली नवा आला. नव्या कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. एवढं सगळं होऊन ती पाटी दुकानातून निघाली आणि मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसली, फक्त इंग्रजीत.

पण आज मला नुसतं विकणाऱ्यांना बोलायचं नाही. माझी वहिनी स्वतः विकते.

ती सोलापूरला असते. भावाची नोकरी गेल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत मालाचे गठ्ठे असतात: नॅपकिन, पंचे, टॉवेल, थोड्या चादरी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल आणते, घरी घड्या घालते, पिशवीत भरते, लेबल चिकटवते आणि ॲपवर विकते. तीन नॅपकिनचा संच, लाल, निळा, हिरवा, 149 रुपये. कुरिअर आणि ॲपचं कमिशन जाऊन हातात राहतं ते फार नाही. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. रात्री साडेदहाला जेवणं आटोपून बसलो होतो आणि तिच्या फोनवर निरोप आला. पनवेलच्या एका बाईंचा.

“भावजी, वाचा हे,” म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला.

‘तुमच्या नॅपकिनने माझ्या मुलाचा शाळेचा शर्ट खराब केला. दीडशेच्या नादात चारशेचा शर्ट गेला. असला माल विकायला लाज वाटत नाही का.’ खाली फोटो. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला, हललेला. पांढऱ्या शर्टाची बाही गुलाबी झालेली.

वहिनी रागाने लाल झाली. ‘लाज’ हा शब्द तिला लागला. पहाटे पाचला उठून घड्या घालणाऱ्या बाईला तो लागणारच. तिने टाइप केलं, ‘मॅडम, रंगीत कपडे वेगळे धुवायचे असतात. माहितीत लिहिलेलं आहे.’ बोट पाठवायच्या बाणावर होतं. मग तिने स्वतःचंच पान उघडून पाहिलं. वेगळे धुवा, हे लिहिलेलं होतं. सहाव्या ओळीत. इंग्रजीत. ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसेल असं.

तिने टाइप केलेलं पुसलं.

“खोटं बोलणारी असती तर फोटो बरा काढला असता हिने,” ती म्हणाली. आणि लिहायला लागली. तिने काय लिहिलं ते मी मागून घेतलं आहे, तसंच देतो:

‘ताई, शर्टाचा फोटो पाहिला. रंग आमच्या लाल नॅपकिनचाच दिसतोय. तुमचे 149 रुपये आजच परत पाठवते. नॅपकिन परत पाठवू नका. शर्टाला इस्त्री करू नका, आधी पुन्हा साबणात भिजवून धुवून बघा. डाग नाही गेला तर मला कळवा, शर्टाचंही बघू.’

तक्रारीला द्यायचं उत्तर यापेक्षा जास्त काही असू नये आणि कमीही असू नये असं मला वाटतं. तिने काय झालं ते मान्य केलं. पैशांचा आकडा आणि दिवस सांगितला. माल परत मागवला नाही, कारण पनवेलहून सोलापूरला नॅपकिन आणायचं भाडं नॅपकिनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं आणि परत येऊन तो पुन्हा विकता येणार नव्हता. त्या बाईंना आत्ता, या क्षणी, काय करता येईल ते सांगितलं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे त्यात कुठेच नाही. ते लिहायची गरजच राहिली नाही.

‘लाज’ या शब्दाला तिने उत्तर दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “शर्ट खराब झाला असता तर मी पण हेच लिहिलं असतं. याहून वाईट लिहिलं असतं.”

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली. वहिनीने लाल, निळ्या आणि हिरव्या नॅपकिनची दोन-दोन बोटं रुंद पट्टी कापली. जुन्या पांढऱ्या धोतराचे तीन तुकडे घेतले. प्रत्येक पट्टीला एक तुकडा कच्च्या टाक्यांनी जोडला आणि तीन वेगवेगळ्या पातेल्यांत कडकडीत पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घालून तिन्ही बुडवले. अर्धा तास. मधूनमधून चमच्याने ढवळत होती. निळ्याचं पाणी जवळपास स्वच्छ राहिलं. हिरव्याचं किंचित बदललं, पांढरा तुकडा पांढराच. लालचं पातेलं बघवत नव्हतं. पाणी डाळिंबाच्या रसासारखं, आणि धोतराचा तुकडा त्या शर्टाच्या बाहीसारखा गुलाबी.

कापडाच्या प्रयोगशाळेत रंगाचा पक्केपणा तपासतात तो याच तत्त्वावर: रंगीत कापडाला पांढरं जोडायचं, साबणाच्या पाण्यात धुवायचं, पांढऱ्यावर किती रंग उतरला ते बघायचं आणि 1 ते 5 मध्ये दर्जा द्यायचा. वहिनीला हे कुणी शिकवलेलं नाही. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, नव्या लुगड्याचा पदर अशीच भिजवून बघायची.

लाल रंग का उतरला? सुती धाग्याला चांगला रंग द्यायचा तर तो धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जावा लागतो. पण सगळा रंग कधीच जोडला जात नाही. काही भाग धाग्यावर नुसता बसून राहतो, आणि गडद लालमध्ये तो जास्त असतो, कारण रंगच जास्त घातलेला असतो. रंगवून झाल्यावर गरम साबणाच्या पाण्याने तो सुटा रंग काढून टाकावा लागतो. त्याला पाणी लागतं, इंधन लागतं, वेळ लागतो. ते धुणं कुणी वाचवलं की नॅपकिनमागे काही पैसे वाचतात. ते धुणं मात्र कुठे जात नाही. पनवेलच्या त्या बाईंच्या बादलीत ते झालं, त्यांच्या मुलाच्या शर्टासकट.

स्वस्त वस्तूची ही मेख आहे. कारखान्याने सोडलेलं काम ग्राहकाच्या घरी येऊन पडतं. गाळणीचं कडं त्यांनी दाबलं नाही, म्हणून मी ओटा पुसला. प्लगच्या आतला स्क्रू त्यांनी आवळला नाही, म्हणून तुमच्या घरचा बोर्ड काळा पडला. वस्तू स्वस्त झाली म्हणतो तेव्हा कितीदा फक्त उरलेला खर्च आपल्याकडे ढकललेला असतो. आणि ज्याच्याकडे ढकलला त्यालाच पुन्हा ‘149 रुपयांचा तर आहे’ म्हणून गप्प करायचं. सदोष मालामुळे दुसऱ्या वस्तूचं नुकसान झालं तर तेही मागता येतं, अशी उत्पादन दायित्वाची तरतूद 2019 च्या कायद्यात मुद्दाम घातलेली आहे. कायदा करणाऱ्यांना शर्ट दिसला. विकणाऱ्यांना फक्त नॅपकिन दिसतो.

वहिनी पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कारखान्यात गेली. मीही गेलो. मालकांनी पट्टी पाहिली, बोटाने चोळली, आणि म्हणाले, “वहिनी, या भावात एवढंच बसतं हो.”

वहिनी म्हणाली, “मग भाव वाढवा. पण धुऊन द्या.”

ते बराच वेळ हिशोब करत बसले. माणूस वाईट नाही. त्यांच्यावरही कुणीतरी भाव पाडून मागणारा बसलेला आहे. शेवटी निम्मा लाल माल त्यांनी परत घेतला, निम्म्याचं नुकसान वहिनीने सोसलं. तिच्याकडे 41 संच होते. त्यांतले निळे-हिरवे काढून घेतले आणि उरलेले लाल एका गॅरेजवाल्याला पुसायची फडकी म्हणून किलोवर विकले. पुढच्या खेपेपासून भाव संचामागे थोडा वाढला. तो तिने ग्राहकाकडून घेतला, संच आता 159 ला आहे. आणि पानावर पहिल्या ओळीत, मराठीत, लिहिलं आहे: ‘पहिली दोन धुणी वेगळी धुवा.’

शर्टाचा डाग बराचसा गेला, पण बाहीच्या शिवणीत गुलाबी रेघ राहिली. वहिनीने 200 रुपये पाठवले. त्या बाईंनी ‘मिळाले’ एवढं लिहिलं. पुन्हा काही मागवलं नाही. दिलेला एक तारा बदलला नाही. तो अजून तसाच आहे.

मी भावाला विचारलं, “एवढं करून काय मिळालं?” तो म्हणाला, “41 घरी गेलं असतं ते गेलं नाही.”

एका तक्रारीने 41 घरं वाचली. तक्रार करणारी बाई ‘जाऊ दे’ म्हणाली असती तर? वहिनीने पहिलं उत्तर पाठवलं असतं तर? म्हणून म्हणतो, स्वस्त मालाची तक्रार ही फुकट मिळालेली तपासणी आहे. मोठ्या कारखान्यात यासाठी पगारी माणसं ठेवतात. इथे ग्राहक स्वतःचे पैसे घालून, स्वतःचा शर्ट घालून, चूक शोधून देतो. त्याला यंत्राच्या तोंडी देणं हा नुसता उद्धटपणा नाही, तोटा आहे. मोठ्या ॲपवाल्यांकडे अशा तक्रारी रोज किती येत असतील. त्या एकत्र करून ‘या लाल नॅपकिनला काय झालंय’ असं कुणीतरी माणसाने बघावं, एवढीच अपेक्षा आहे. परतीची टक्केवारी मोजून विक्रेत्याला दंड लावणं म्हणजे बघणं नव्हे.

फसवणारे ग्राहकही असतात, तेही सांगायला हवं. वहिनीला नव्या चादरीच्या जागी जुनी, विटलेली चादर परत आली आहे. दिवाळीत आकाशकंदील विकणाऱ्या तिच्या मैत्रिणीला भाऊबिजेनंतर कंदील परत आले, आत जळलेल्या वायरचा वास. हे करणाऱ्यांनी हे समजून घ्यावं की ज्या घरातून ती वस्तू आली तिथेही कुणीतरी दीडशे रुपये मोजतच जगतंय. यामुळे विक्रेत्याने फोटो मागितला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा असेल तर तो विकत घेण्याआधी, मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत सांगा. गाळणी आल्यावर तिची जाळी चौथ्या दिवशी सुटणार आहे हे व्हिडिओत कसं दिसणार, तेही एकदा सांगा.

आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात गंभीर.

माझ्या गाळणीची तक्रार सुरुवातीला ॲपवर लागेना तेव्हा मी त्यांचा फोन नंबर इंटरनेटवर शोधणार होतो. मुलीने हात धरला. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी असंच केलं होतं. साडेतीनशेच्या चपलेची तक्रार. शोधात वर आलेला ‘कस्टमर केअर’चा नंबर भामट्यांचा होता. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, म्हणाला लगेच पैसे परत करतो, त्यासाठी हे एक ॲप टाका. त्या ॲपने फोनचा पडदा त्याला दिसू लागला. मग पैसे ‘घेण्यासाठी’ पिन टाकायला लावला. चपलेचे साडेतीनशे राहिले बाजूला, खात्यातले हजारो गेले.

हे नीट लक्षात ठेवा: पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत. नंबर शोधायचा तर ॲपच्या आत किंवा बिलावर शोधा, बाहेर नाही. आणि फसगत झालीच तर क्षण न दवडता 1930 लावा. पण मी दोष फक्त भामट्यांना देणार नाही. ज्या कंपनीने आपला नंबर पानाच्या तळघरात लपवला, तिने आपल्या ग्राहकाला त्या भामट्याच्या दारात नेऊन उभं केलं. खरा नंबर समोर असता तर खोटा कुणी शोधला असता?

पार्सलमधून निघणाऱ्या त्या चकचकीत चिठ्ठ्यांबद्दल थोडक्यात. ‘5 तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, 50 रुपये मिळवा.’ माझ्या गाळणीबरोबर अशी चिठ्ठी होती. जाळी दाबायला पैसे नव्हते, ताऱ्यांना होते. ते 50 घेऊन तारे देणारा माणूस पुढच्या माणसाच्या कपात चोथा घालतो. ही चिठ्ठी फाडून टाका.

आणि डिलिव्हरीवाल्या पोरावर ओरडू नका. त्याने जाळी बसवलेली नाही. ऊन-पावसात जिने चढून तो आणतो, आणि ज्याचा राग आहे तो सापडत नाही म्हणून आपण त्याच्यावर काढतो.

तक्रार लिहायची तर तीन ओळींत लिहा: ऑर्डर क्रमांक, काय झालं, काय हवं. ‘गाळणीची जाळी चौथ्या दिवशी सुटली, फोटो जोडला आहे, 129 रुपये परत हवेत.’ शिव्या घातल्या की वाचणारा शिव्याच वाचतो. वहिनीसारखी माणसं थोडी असतात. बोलणं फोनवर झालं तरी नंतर ॲपवर लिहून ठेवा, आणि वरचं लेबल, पाकीट, बिल टाकू नका. महिना झाला आणि काही हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतरही जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. आणि विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती, 2019 च्या कायद्याने दिली. ऑनलाइन खरेदीत विकणारा कुठे बसलाय हे घेणाऱ्याला माहीतच नसतं, त्यामुळे गाळणीवाल्यांसाठी या कायद्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी मानतो.

गाळणीसाठी आयोगात जाणार का, असं मला मुलीने विचारलं. आधी 1915 लावीन. मग बघू. पण ‘वर’ जो कोणी आहे त्याने माझे पाय थकतील हे गृहीत धरू नये.

पुढच्या बुधवारी महिना पुरा होतो. गाळणी, तिचं पाकीट, लेबल आणि ती 50 रुपयांची चिठ्ठी मी टेबलाच्या खणात एकत्र ठेवली आहे. नवी गाळणी घेतलेली नाही. सोलापूरहून येताना वहिनीने पांढऱ्या पंच्याचा एक तुकडा दिला होता, दोन वेळा गरम पाण्यातून काढलेला. सध्या चहा त्यातूनच गाळतो.